दोन करारांमधलं कोरं पान

दादा,

आपल्या घरात गहू दुकानातून कधी आला नाही. आला तो झाडूनं आला. अमरावती रोडवर, वाडीतल्या गोदामांच्या मागे, टिनाच्या एका खोलीत आपण चौघं राहत होतो. बाबा हमाल. एका दुपारी पोत्यांची थप्पी घसरली, आणि खालून बाबांना काढलं तेव्हा त्यांची कंबर गेली होती. पुढची सहा वर्षं ते खाटेवर होते. ट्रक रिकामे झाले की आई गोदामाच्या फरशीवर सांडलेलं धान्य झाडून आणायची. मुकादम तेवढी मुभा द्यायचा. परातीत गहू, तूर, सुतळीचे तुकडे, सिमेंटची धूळ, सगळं एकत्र. आपण दोघं ते निवडायला बसायचो. पोळीत कचकच लागली की बाबा मान भिंतीकडं फिरवायचे. तू आठवीत होतास. त्याच वर्षी शाळा सोडून तू बाबांच्या जागी हमालांच्या टोळीत उभा राहिलास, आणि मी शाळेत राहिले. हे मी नेहमी असं एकाच वाक्यात सांगते. दुसरं वाक्य मला कधी जमलेलं नाही.

मी बी.ए. झाले, इतिहास घेऊन. आपल्या सगळ्या नात्यागोत्यात पहिली. हे मी आजही छाती पुढं काढून सांगते, कारण ती पदवी तुझ्या पाठीवरून आली आहे. निकालाच्या दिवशी तू टोळीतल्या सगळ्यांना चहा पाजलास आणि घरी येऊन म्हणालास, "काय वं कॉलेजवाली, आता मले शिकवशीन का?"

"शिकवीन ना गा. काय शिकतं, सांग."

तू नुसता हसलास. तेव्हा तरी तुला काही शिकायचं नव्हतं.

तुला जाऊन आज दोन महिने झाले. स्मरणसभेत लोक छान बोलले. कष्टाळू होता, देवभीरू होता, आईचा आधार होता. खरंच होतास. पण तुझ्याबद्दलची खरी गोष्ट कोणीच सांगितली नाही, कारण ती फक्त मला ठाऊक आहे, आणि ती सांगताना माझा गुन्हा मला सांगावा लागतो. म्हणून तुलाच लिहिते.

आजोबांपासून आपण ख्रिस्ती. घरात बायबल होतं, आपण शास्त्र म्हणायचो ते, पांढऱ्या फडक्यात बांधून लोखंडी पेटीवर ठेवलेलं. ते लग्नाला उघडायचं आणि मयताला उघडायचं. एरवी त्याला हात लावायचा तो धूळ पुसायला. वाचणारं कोणी नव्हतंच. वचनं मिळायची ती नव्या वर्षाच्या उपासनेत, चिठ्ठ्यांवर. पाळकसाहेब टोपली फिरवायचे, ज्याच्या हाती जी चिठ्ठी येईल ते त्याचं वर्षभराचं वचन. बाबा गेले त्या वर्षी तुझ्या हाती कोठारं भरून वाहण्याचं वचन आलं होतं. तू ते मनात ठेवलंस. पुढं बऱ्याच वर्षांनी एकदा टोपली तुझ्यासमोर आली, तेव्हा तू हात मागं घेतलास.

"पाळकसाहेब, हे तर बिना बिल्टीचं पार्सल झालं. कोनं पाठवलं, कोनाले पाठवलं, कुठून निघालं, काईच पत्ता नाही. असं पार्सल मी उतरवून घेत नाही."

आख्खी मंडळी हसली. पाळकसाहेबही हसले. "मग वाच ना विनोद, पहिल्या पानापासून. बिल्टी तिथंच आहे."

त्यांना वाटलं विषय संपला. तू दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी फडकं सोडलंस. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, कधी एक पान, कधी चारच ओळी. आठवीत सुटलेलं वाचन तू चौतिसाव्या वर्षी तिथूनच पुन्हा धरलंस. सात वर्षं चाललं ते. एकदाही पुढचं पान चाळून पाहिलं नाहीस.

यावरून मंडळीत तुझी जी शोभा झाली, ती आठवली की रडता रडता हसू येतं. पाळकसाहेबांच्या नातवाच्या जन्माची उपकारस्तुतीची सभा होती. त्यांनी तुला एक छोटा भाग वाचायला सांगितलं. कोणता, ते सांगायचं राहून गेलं. तू उभा राहिलास आणि जिथवर पोचला होतास तिथून सुरू केलंस. कातडीवरचे चट्टे, सूज, पांढरे पडलेले केस, याजकानं माणसाला सात दिवस वेगळं ठेवणं. बाळाच्या आजीनं बाळ पदराखाली घेतलं. बाहेर आल्यावर मी फणकारले.

"दादा, बारशासारख्या दिवशी महारोग कोण वाचतं गा?"

"मी तिथंच होतो ना वं. मधली पानं टाकून कशी उडी मारू?"

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. माणसाच्या कातडीवरचा डाग पाहाले देवानं कोनाले तरी बसवून ठेवलं होतं, हे काय वाईट आहे का? आमच्या गोदामात कोनी पाहते का आमची कातडी?"

मी गप्प बसणारी नव्हते, इतिहास शिकलेली होते. तुझ्याशी माझा खरा वाद तिथून सुरू झाला. मी तुला सांगायचे की हे एका हातानं लिहिलेलं पुस्तक नाही, कित्येक शतकं, कित्येक हात. सुरुवातीच्या पानांत देव एका घराण्याचा, एका टोळीचा. मग कायदे, मग राजे. मग संदेष्टे येतात आणि म्हणतात की बळी नकोत, न्याय पाहिजे. शेवटी तो साऱ्या जगाचा होतो. यात देव उलगडत गेला कशावरून? माणसं शहाणी होत गेली असतील.

"तुले पहिल्या वर्गात बी.ए.चं पुस्तक देलं होतं का?" तू विचारायचास.

"नाही. पण मास्तरला बी.ए.चं आधीपासून माहीत होतं."

"मी तेच तर म्हणून राहिलो."

मी चिडायचे आणि तू भाकरी मोडायचास. देवानं कोणाला किती सांगितलं, हे तू डोक्यात नोंदवून ठेवलं होतंस. अब्राहामाला सांगितलं की निघ, पण कुठं ते सांगितलं नाही. अब्राहाम, इसहाक, याकोब, तिघांच्याही सोबत चालला, पण आपलं नाव उघड केलं नाही. ते मोशेला सांगितलं, तेही चपला काढून उभं राहिल्यावर. मोशेनं तोंड दाखव म्हटलं तर पाठ दाखवली. "एवढंच झेपन म्हणे तुले," असं म्हणून तू असा खूश व्हायचास, जणू तुलाच दाखवली.

एकदा मी मुद्दाम विचारलं, "द्यायचं होतं एवढ्या उशिरा, तर अब्राहामाला वचन एवढ्या आधी कशाला?"

"ट्रक भरताना पाह्यला का कधी? सगळ्यात शेवटच्या गावाचा माल पहिले भरतेत. पार आत, केबिनजवळ. मग त्याच्यासमोर बाकीचा. आतला माल कोनाले दिसत नाही, पण गाडीले जायचं असते तिथवर."

"आणि रस्त्यातल्या गावात वाट पाहत जे मेले, त्यांचं काय?"

तू घास परत ताटात ठेवलास. "मले नाही माहीत. वाचून राहिलो ना. पुढं असन."

पुढं असन. किती वेळा म्हणालास हे. मला तेव्हा ते पळवाट वाटायचं.

रूथची गोष्ट वाचलीस त्या संध्याकाळी मात्र तू वादाला आला नाहीस, सरळ आईकडं गेलास. आई तांदूळ पाखडत होती. "माय, तुह्यासारखी एक बाई आहे यात. परक्या मुलखातली, नवरा मेलेला. दुसऱ्याच्या शेतात पडलेलं वेचून आणे आणि सासूले खाऊ घाले." आईनं सूप खाली ठेवलं. "मंग? तिचं काय झालं?" तू म्हणालास, तिचा पणतू राजा झाला. आई म्हणाली, "राहू दे. मले राजा नाही पाहिजे. तू खोकल्याची दवा घे."

कारण खोकला तेव्हाच सुरू झाला होता. सत्तावीस वर्षं मिरचीची पोती, सिमेंटची पोती, आणि तोंडाला एक गमछा. फुप्फुसं गेली, डॉक्टर म्हणाले. तू काम सोडलंस, मग चालणं सोडलंस, मग मोठ्यानं वाचणं. शेवटचे पाच महिने मी वाचायचे. हिंगण्याच्या कारखान्यातून, जिथं मी टाइम ऑफिसात आहे, कंपनीच्या बसनं परत यायचे, हातपाय धुवायचे आणि तुझ्या उशाशी बसायचे. तू म्हणायचास, "वाच वं कॉलेजवाली. शिकव."

तेव्हा संदेष्टे चालू होते. रडणारे, ओरडणारे, राग आलेले, मधूनच कधी एखादी ओळ अशी की दोघंही थांबायचो. येणाऱ्या कोणाबद्दल तरी ते बोलतात, पण नाव घेत नाहीत. मला ते असह्य व्हायचं. कारण तू झिजत होतास आणि पानं उरली होती.

पाळकसाहेब भेटायला आले, त्यांनी शुभवर्तमान उघडलं. तू हात वर केलास. "साहेब, माफ करजा. मी अजून तिथं पोचलो नाही." ते गेल्यावर मी तुझ्यावर ओरडले. आजारी माणसावर ओरडले.

"काहून असा हट्ट करतं गा? येशूचं ऐकावंसं वाटत नाही तुले? वेळ किती आहे, माहीत आहे का?"

तू श्वास जमवलास. "मी त्याले ओळखतो वं. लहानपणापासून ओळखतो. पण तो कोणत्या रस्त्यानं आला, ते पाहून राहिलो. कोनी एवढ्या दुरून आपल्या घरी आलं, तर इचारू नाही का, कसा आला बाप्पा?"

मी त्या दिवसापासून भरभर वाचायला लागले. कधी कधी, आता कबूल करते, एखादं कडवं गाळलं. तू लगेच ओळखायचास आणि डोळे मिटूनच म्हणायचास, "मागं जा."

आणि मग तो बुधवार. शेवटचा संदेष्टा संपला. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, आईनं दिवा लावला होता, तुझा चेहरा कित्येक दिवसांनी उजळलेला होता. मी पान उलटलं. पुढं कोरं पान होतं. तू ते पाहिलंस, बोट फिरवलंस. "हे काहून खाली आहे?"

मी सांगितलं की इथं जुना करार संपतो. पाळक सांगतात की यानंतर चारशे वर्षं देव काही बोलला नाही. मग नवा सुरू होतो.

"चारशे वर्षं," तू म्हणालास. "बरं. उलटव. आता सुरू कर."

मी उलटवलं. पाहिलं. पहिल्या शुभवर्तमानाचं पहिलं पान म्हणजे नावं. याला हा झाला, त्याला तो झाला. मी दमलेली होते, बसमध्ये उभी राहून आले होते. मी म्हटलं, "दादा, पुढं नुसती नावांची यादी आहे रे. उद्या वाचू. उद्या सरळ जन्मापासून घेऊ."

ज्या बाईनं महिनोन्महिने पुढचं वाच म्हणून तुझा जीव खाल्ला, तिनं तुला उद्या म्हटलं.

तू वाद घातला नाहीस. एवढंच म्हणालास, "यादी पण वाचजो मात्र. गाळू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसमध्ये असताना आईचा फोन आला.

तुला न्यायला टोळी आली. कोणी बोलावलं नव्हतं. काम टाकून, गमछे बांधूनच आले. मंडळीतले लोक पुढं झाले तेव्हा मुकादमकाका म्हणाले, "सरका. हे आमचं काम आहे." तुला त्यांनी शवपेटीसकट खांद्यावर घेतलं, आणि उचलल्याबरोबर त्यांचा तोल गेला. जड होतास म्हणून नाही. ज्यांना खांद्यावर घेताच वजन कळतं, त्यांनी तुझं जुनं वजन धरून जास्त जोर लावला होता. "विन्या, काईच नाही राह्यलं बे तुह्यात," मुकादमकाका म्हणाले, आणि पुढं चालताना त्यांचं तोंड पाहवत नव्हतं.

त्यानंतर आठ दिवस मी ते कोरं पान उघडून बसत होते. लोक यायचे, म्हणायचे, देवाची योजना. मी मनात देवाला म्हणायचे, योजना असेल तर त्याला एक दिवस जास्त का नव्हता? सात वर्षं बोट सरकवत जो दारापर्यंत आला, त्याला उंबऱ्यावर का थांबवलंस? मी प्रार्थना केली नाही. मी भांडले. चारशे वर्षं गप्प राहिलेल्याला माझ्याशी बोलायची काही घाई नव्हती. चारशे वर्षांत किती पिढ्या होतात हे मी इतिहासाच्या पेपरात लिहिलेलं आहे. गप्पपणाचा एक आठवडा कसा असतो ते कोणत्याच पेपरात नव्हतं.

नवव्या दिवशी आई म्हणाली, "त्यानं यादी वाच म्हटलं होतं ना?"

वाचली. मोठ्यानं. आणि दादा, चौथ्या-पाचव्या नावाशी मी बोट ठेवून थांबले. अब्राहाम, इसहाक, याकोब, ही तुझी माणसं होती. एकेकाला तू महिना महिना दिला होतास. कोणी फसवलं, कोणी भावाला विकलं, कोण रडलं, सगळं तुला ठाऊक होतं. मग बवाज आला, रूथचा दुसरा नवरा, आणि त्याच्याबरोबर रूथचं नाव. आई ताठ बसली. "ते वेचणारी?" मी मान हलवली. "तिचं नाव लिहिलं त्यात?" लिहिलं आहे. तिच्या घराण्यातच तो जन्मला. मंडळीत कोणीही ही यादी वाचत नाही, सगळे उडी मारतात, मीही मारणार होते. ती यादी समजायला सात वर्षं लागतात. आख्ख्या वाडीत एकच माणूस ती समजून ऐकू शकला असता, आणि त्याला मी उद्या म्हटलं.

पुढं आणखी आहे. बाबेलच्या बंदिवासानंतर, म्हणजे लोकांना परक्या मुलखात कैद करून नेलं त्यानंतर, थोडं खाली आलं की अज्जुर, सादोक, याखीम अशी नावं लागतात. मी मागं जाऊन शोधलं, माझी सवय ती. जुन्या करारात ही माणसं कुठंच भेटली नाहीत. ही त्या कोऱ्या पानातली माणसं. देव बोलत नव्हता तेव्हा जगली, कामं केली, पोरं वाढवली आणि काहीही कानावर न येता मेली. त्यांच्याबद्दल कोणी एक ओळ लिहिली नाही. फक्त नाव, आणि पुढच्याचं नाव. मी तुझं नाव त्यांच्या शेजारी मनात ठेवून पाहिलं. त्यानं दुःख कमी झालं नाही. पण ते पान मला उलटता आलं.

मग मी रोज कामावरून आल्यावर वाचत गेले, आई समोर बसून. तो जन्मला, महारोग्यांना हात लावला, ज्यांना वेगळं ठेवलं होतं त्यांच्या घरी जेवला. ज्याचं तोंड मोशेला दिसलं नाही तो मासे भाजून माणसांना वाढत होता. प्रत्येक ठिकाणी मी थांबायचे, कारण इथं तू काहीतरी म्हणाला असतास. काय म्हणाला असतास ते मला बनवता येत नाही. शिकून एवढी शहाणी झाले, पण तुझ्यासारखं बोलणं मला येत नाही.

रस्त्यात वाट पाहत मेलेल्यांचं काय, हेही निघालं. एक आख्खा अध्याय आहे. तू म्हणायचास ते बरोबर होतं, पुढं होतं. तिथं म्हटलं आहे की त्यांनी ते लांबून पाहिलं, हातात आलं नाही, आणि मागून येणाऱ्यांना सोडून ते पुरे व्हायचे नव्हते. मी तो भाग तीनदा वाचला. मला बरं वाटलं असं खोटं लिहिणार नाही. लांबून दिसणं आणि हातात येणं यात अंतर आहे, आणि तुझ्या बाबतीत ते अंतर मी पाडलं. माफ कर म्हणायला तू नाहीस. देव उलगडत गेला की माणसं शहाणी होत गेली, हा आपला वाद मी जिंकलेला नाही, हरलेली नाही. आता तो घालायला कोणी नाही, एवढंच.

देव माझ्याशी अजून बोललेला नाही.

काल रविवारी दुपारी शेवटचं पान झालं. आईनं विचारलं, "सरलं?" मी म्हटलं, "सरलं." आजोबांच्या वेळेपासून आपल्या घरात असलेलं हे शास्त्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकही नाव न गाळता, पहिल्यांदाच वाचून पूर्ण झालं. पाऊण तुझं, पाव माझं.